रील द्यू पाँद्यू: तारा नेमक्या कशा लावायच्या?

आरोह_अवरोह: मंडळी, व्हायोलिनवर कॅनडातल्या क्वेबेकचा 'रील द्यू पाँद्यू' (फाशी गेलेल्याचा रील; रील म्हणजे नाचाची जलद धून) बसवतोय. नेहमीच्या जी-डी-ए-ई लावणीवर (तारा ज्या सुरांत लावतात ती रचना) सूर सापडतात, पण ध्वनिमुद्रणातली घुमणारी आस येत नाही. लावणी वेगळी आहे का? आणि फाशीची गोष्ट किती खरी?

मंद्रसप्तक: वेगळीच आहे. जाड तारेकडून बारीक तारेकडे ए-ई-ए-सी शार्प. म्हणजे सा-प-सां-गं. आपल्याकडे सा-पच्या जोड्यांत व्हायोलिन लावतात, त्यातल्या शेवटच्या तारेवर गंधार आला इतकंच समजा. चारही मोकळ्या तारांतून ए मेजर (ए, सी शार्प, ई यांचा सूरमेळ) निघतो. त्यामुळे गज शेजारच्या तारेला टेकला तरी बेसूर होत नाही, उलट आस तिथूनच भरते.

गोष्ट अशी: फाशीच्या तख्तापाशी कैद्याच्या हाती भलतीच लावलेली फिडल (लोकसंगीतातली व्हायोलिन) देतात, वाजवलीस तर सुटका. तो हा रील वाजवतो आणि जीव वाचतो. काही सांगणाऱ्यांच्या मते त्याने आधी कधी फिडल धरलेलीच नसते. दंतकथा म्हणूनच घ्या. लावणी विचित्र वाटते म्हणून गोष्ट जुळवली गेली असावी, असं माझं मत. ही लावणी काही याच रीलची नाही. अमेरिकेतले जुन्या वळणाचे फिडलवाले तिला 'कॅलिको' म्हणतात. स्कॉटलंडच्या जेम्स मॅकफर्सनशीही गल्लत नको. फाशीआधी फिडल वाजवल्याची दंतकथा त्याचीही आहे, पण त्याला १७०० साली बॅन्फ गावात फाशी झालीच.

ऐकायचा तर फिडलवादक जाँ कारिन्याँचा (१९१६–१९८८) ऐका. माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारा हा माणूस फिडलवादक जोझेफ आलारकडून शिकला होता.

घोडी_आणि_खुंटी: लावताना क्रम पाळा. आधी पहिली (सर्वांत बारीक) तार ईवरून सी शार्पवर उतरवा, मग तिसरी डीवरून ईवर, शेवटी चौथी जीवरून एवर. एक स्वर चढवला की त्या तारेचा ताण सुमारे २६ टक्के वाढतो. पहिलीचा सुमारे २९ टक्के घटतो. आधी चढवलंत तर घोडीवर (तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्यावर) नाहक भार येतो. फाइन ट्यूनरने (तारेच्या खालच्या टोकाच्या बारीक स्क्रूने) एवढं अंतर निघत नाही, खुंटीच वापरा. जुनी तिसरी तार इथेच तुटते, तेव्हा नवी घालून मग चढवा.

तारा ओढल्या की घोडीचा माथा बोटं ठेवायच्या पट्टीकडे झुकतो. दोन्ही हातांनी धरून मागची बाजू पुन्हा काटकोनात आणा. तारा उतरत राहतात, दोन-तीनदा तरी फेरी मारा. परत नेहमीच्या लावणीवर येताना उलट क्रम: चौथी-तिसरी उतरवून मगच पहिली चढवा.

आरोह_अवरोह: सी शार्पवर बोटं चुकतायत.

मंद्रसप्तक: चुकणारच, सवय ईची असते. डीसाठी पहिलं बोट मेरूजवळ (खुंट्यांकडची आडवी पट्टी), अर्ध्या स्वरावर. ईसाठी दुसरं बोट मागे ओढून, एरवी जी नॅचरल वाजवता तिथे. एफ शार्पला तिसरं नेहमीच्या जागी. चौथं जी शार्पवर बसतं, वरचा ए हवा तर तेच ताणा. बाकी तिन्ही तारांवर १-२-३चा एकच साचा चालतो. पहिली तार सैल असते, तिच्यावर गज दाबलात तर सूर हलतो. तिथे हात हलका ठेवा, जोर जाड दोन तारांवर द्या.