युरो 2024: अँडरसनविरुद्ध पेनल्टी, कुकुरेयाविरुद्ध नाही. फुटबॉलमध्ये हँडबॉल (चेंडू हाताला लागण्याचा गुन्हा) ठरवतात तरी कसा?

लेफ्टबॅक
डॉर्टमुंडला जर्मनीच्या राऊमचा क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू) डेन्मार्कच्या अँडरसनच्या हाताला जेमतेम घासला आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. सहा दिवसांनी स्टुटगार्टला जर्मनीच्याच मुसियालाचा गोलकडे निघालेला फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर आदळला, तर पंच अँथनी टेलर यांनी खेळ चालू ठेवला. मुद्दाम हात लावला की नाही एवढंच बघतात ना? आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर व्हीएआर (व्हिडिओ बघून मदत करणारे पंच) नसताना पंचांनी काय करायचं?

शिट्टी
मुद्दाम लावणं हा एकच निकष नाही, घोळ इथेच होतो. फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम 12 प्रमाणे हँडबॉल तीन प्रकारे होतो. हात चेंडूकडे नेला, तर तो उघड गुन्हा. हेतू नसला तरी हाताने अंग अनैसर्गिकरीत्या मोठं केलं आणि चेंडू तिथे लागला, तरी गुन्हा. तिसरा प्रकार गोल करणाऱ्यापुरता: त्याच्या हाताला चेंडू चुकून लागून थेट किंवा लगेच त्यानेच गोल केला, तर गोल रद्द. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागला असेल, तर 2021 पासून गोल ग्राह्य धरतात.

आता ‘अनैसर्गिक’ म्हणजे काय? त्या क्षणी खेळाडू जी हालचाल करतोय तिच्यासाठी हात तिथे असायला हवा होता का, एवढंच विचारायचं. धावताना, उडी मारताना हात अंगापासून सुटणारच. घसरत टॅकल करताना जमिनीवर टेकलेला आधाराचा हात सहसा माफ असतो; तोच हात बाजूला पसरून क्रॉसची वाट अडवत असेल, तर नाही. आणि हात कुठून मोजायचा? काखेच्या खालच्या टोकापासून खाली. त्यावरचा खांदा हातात धरत नाहीत.

अँडरसनचा हात अंगापासून लांब होता. चेंडूतल्या सेन्सरने फक्त स्पर्श झाला हे सिद्ध केलं. गुन्हा आहे की नाही हे सेन्सर सांगत नाही, ते त्या सामन्याचे पंच मायकेल ऑलिव्हर यांनी ठरवलं. कुकुरेया हात खाली, अंगाच्या मागे नेत होता, म्हणून टेलर यांनी सोडलं.

गोलपोस्ट
कुकुरेयाच्या बाबतीत मी असहमत. हात मागे जात होता हे खरं, पण अंगाला चिकटलेला नव्हता आणि गोलवरचा फटका त्यानेच अडवला. सप्टेंबर 2024 मध्ये यूएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) पंच समितीनेही तिथे पेनल्टी हवी होती असंच मत दिलं. गोलवरच्या फटक्याला जास्त कडक मोजायलाच हवं.

लेफ्टबॅक
मग कार्डाचं काय?

शिट्टी
हँडबॉल झाला म्हणून आपोआप कार्ड निघत नाही. मुद्दाम हाताने नक्की गोल अडवला तर रेड; 2010 च्या वर्ल्डकपमध्ये घानाविरुद्ध सुआरेझला मिळालं ते हेच. 2024-25 पासून मात्र हेतू नसलेल्या हँडबॉलने नक्की गोल थांबला आणि पेनल्टी दिली, तर यलो. अशा हँडबॉलने फक्त चांगली चाल तुटली असेल, तर पेनल्टी पुरे, कार्ड नाही.

टचलाइन
व्हीएआर नसलेल्या मैदानाबद्दल. बऱ्याच चुका पंचाच्या जागेमुळे होतात. बचावपटूच्या थेट मागे उभं राहिलं, की हात अंगापासून किती सुटलाय ते दिसतच नाही. क्रॉस येणार असं दिसताच दोन-चार पावलं बाजूला सरकून तिरका कोन घ्यावा. चेंडूचा मार्ग हाताशी बदलला का हे बघावं. अंतरही बघावं: फटका दोन पावलांवरून आला किंवा आधी स्वतःच्याच मांडीला लागून हातावर उडाला, तर हात मागे घ्यायला वेळच नसतो. अर्थात हात डोक्यावर असेल, तर ती सबब चालत नाही. मोठ्या डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) आपल्या बाजूला लाइनमनला जास्त स्वच्छ दिसतं, तेव्हा शिट्टीआधी त्याच्याकडे एक नजर टाकावी.

नंतर मोबाइलवर स्लो मोशन बघून पंचांना बोल लावू नका. संथ गतीत प्रत्येक हात मुद्दाम पुढे केल्यासारखा दिसतो. व्हीएआरच्या नियमावलीतही स्लो मोशन स्पर्श कुठे झाला ते पाहण्यापुरतंच आहे. गुन्हा आहे का हे नेहमीच्या वेगातच बघायचं असतं.