जुने सीएनसी लेथ घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न
साकीनाक्याला आमचा तळमजल्यावर छोटा गाळा असून सध्या साध्या लेथवर पितळी आणि स्टेनलेस स्टीलच्या बुशांचे (आखूड, पोकळ नळीसारख्या भागांचे) जॉबवर्क चालते. काम वाढल्यामुळे वसईतील एका कारखान्यातील जुने सीएनसी (संगणकीय प्रोग्रॅमवर चालणारे) लेथ पाहिले. त्याला 8 इंची हायड्रॉलिक चक (काम पकडणारा भाग), 8 टूलचा टरेट (हत्यारे बसवलेला फिरता भाग) आणि फानुक 0आय मेट-टीडी कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) आहे. मालक ‘रनिंग कंडिशन’ एवढेच सांगतात, रंग मात्र नवाकोरा दिसतो. आमच्या बुशांना व्यासाचे माप 20 मायक्रॉनच्या (0.02 मिमीच्या) आत लागते. एकाच भेटीत, मशीन न उघडता, नेमके काय तपासावे?

उत्तर 1
तुम्ही पोहोचेपर्यंत मशीन चालू करू नये, असे मालकांना आधीच सांगून ठेवावे, कारण हायड्रॉलिक दाब, लुब्रिकेशन आणि होमिंगच्या (अक्ष मूळ जागी नेण्याच्या) तक्रारी थंड मशीन सुरू होतानाच उघड्या पडतात. चकमधील बारवर डायल (मायक्रॉनमध्ये हालचाल दाखवणारे काट्याचे मापयंत्र) लावून स्पिंडलची (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याची) पारख करू नये. जॉ (चकचे पकडणारे जबडे) झिजलेले असले तरी काटा हलतोच. चक उतरवून स्पिंडल नोजच्या (स्पिंडलच्या पुढच्या टोकाच्या) टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, डायल लावावा आणि स्पिंडल हाताने फिरवावा. तिथे काटा 5 मायक्रॉनपेक्षा जास्त हलला, तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव बोलावा. त्यानंतर स्पिंडल वरच्या वेगाने अर्धा तास चालवून आवाज ऐकावा व हेडस्टॉक किती तापतो ते पाहावे.

उत्तर 2
स्पिंडलपेक्षा बॉलस्क्रूवर (टूल सरकवणाऱ्या स्क्रूवर) अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत राहणारी ढिलाई) मोजून 3-4 मायक्रॉन आला म्हणून अनेकजण खूश होतात, पण कंट्रोलर झीज झाकून घेतो. कंट्रोलरच्या पॅरामीटर (सेटिंग) 1851 मध्ये प्रत्येक अक्षासाठी बॅकलॅशची भरपाई भरलेली असते, त्यामुळे तो आकडा आधी टिपून घ्यावा. मालकांची हरकत नसेल तर तो शून्य करून, डायल लावून पुन्हा मोजावे व नंतर मूळ आकडा परत भरावा. एक्स अक्षात (व्यासाच्या दिशेत) प्रोग्रॅम व्यासाचा आणि डायल त्रिज्येचा, हे विसरू नये: डायलवरचे 10 मायक्रॉन म्हणजे तुमची पूर्ण 20 मायक्रॉनची मर्यादा.

झेड अक्षाचे (लांबीच्या दिशेचे) मोजमाप चकजवळ आणि टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या आधाराच्या) बाजूला, असे दोन्ही ठिकाणी करावे. बुशांसारखे आखूड काम वर्षानुवर्षे चकजवळच चालते, म्हणून स्क्रू तिथेच झिजतो. चकजवळ 30 आणि दूरच्या टोकाला 8 मायक्रॉन आले, तर भरपाईचा कोणताही एक आकडा दोन्हीकडे बरोबर बसणार नाही, आणि तो स्क्रू बदलण्यावाचून पर्याय नाही.

उत्तर 3
दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, तरी मशीन कधी ठोकले गेले आहे का (टूल चकवर किंवा कामावर आदळले आहे का), हे टरेटच सांगतो. चकमध्ये डायल धरून तो टरेटवरील बोअरिंग होल्डरच्या (आतून कातणारे टूल धरणाऱ्या भागाच्या) छिद्रात फिरवावा. केंद्र सरकलेले असेल तर टरेटला धक्का बसला असण्याची शक्यता मोठी. चालू तासांवर विसंबू नये. पॅरामीटर 6750 मध्ये पॉवर-ऑनचा वेळ मिनिटांत दिसतो खरा, पण मेमरी साफ झाली की तोही आकडा जातो. बॅटरी उतरली तर सगळे पॅरामीटर पुसले जातात, म्हणून मशीन हलवण्याआधी सीएफ कार्डवर त्यांचा बॅकअप घ्यावा. शेवटी स्वतःचा बार आणि स्वतःचे इन्सर्ट (टूलची बदलती कातणारी टोके) नेऊन, मशीन तापल्यावर सलग 10 बुश काढून मोजावेत. कागदपत्रांत, मशीन कर्जात तारण असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मालक चक उतरवू देण्यास तयार नाहीत. अशा वेळी काय करावे?

उत्तर 1
चकमध्ये जाड बार घट्ट पकडून, तो न सोडता, बारीक फिनिश कट मारावा आणि त्याच पृष्ठभागावर डायल लावावा. जॉची चूक त्या कटने निघून गेलेली असते. यानंतर काटा हलला तर संशय थेट बेअरिंगवर घ्यावा. नंतर लाकडी दांड्याने बार खालून वर उचलून पाहावा: जोर काढल्यावर काटा जागेवर परतायला हवा. टेपरचा रनआउट (फिरताना येणारी डगमग) मात्र अशा रीतीने कळत नाही, तेवढ्यापुरता भाव कमी करून मागावा.