अ‍ॅन्सिबलमध्ये एकाच टास्कला दोन लिस्ट कशा फिरवायच्या?

विजयनगर_अ‍ॅडमिन
राम राम मंडळी. इंदूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचे सर्व्हर अ‍ॅन्सिबलने बघतो (फाइलीत लिहिलेली कामं, म्हणजे टास्क, सर्व्हरवर आपोआप करणारं टूल), ब्रँच चार, इंदूर देवास उज्जैन महू, आणि दर ब्रँचला बिल्टी, डिझेल, पगार असे फोल्डर हवेत. ब्रँचची लिस्ट वेगळी, फोल्डरची वेगळी. एकाच टास्कमध्ये लूप (लिस्टमधल्या प्रत्येकासाठी तेच काम परत करणं) दोनदा लिहिलं तर ‘डुप्लिकेट की (key)’ अशी वॉर्निंग येते आणि फक्त खालचं चालतं. टास्क कॉपी-पेस्ट करायचे नाहीयेत, उद्या धारची ब्रँच उघडली की परत तेच करत बसा. शिवाय प्रत्येक ब्रँचचा आपापला पोर्ट आहे, ती तिसरी लिस्ट. कसं करू?

राजवाडा_लिनक्स
भिया, यामलमध्ये, म्हणजे टास्क ज्या फॉरमॅटमध्ये लिहितो त्यात, एका टास्कला एक की (key, म्हणजे लूपसारखं नाव) एकदाच, दुसऱ्यांदा लिहिली तर शेवटची टिकते. फोल्डरला प्रॉडक्ट फिल्टर लावा, तो प्रत्येक ब्रँचची प्रत्येक फोल्डरशी जोडी लावतो, म्हणजे लूपमध्ये ब्रँचची लिस्ट, पाइप, प्रॉडक्ट, कंसात फोल्डरची लिस्ट, आणि शेवटी पाइप देऊन लिस्ट. मग आयटम म्हणजे त्या फेरीतली जोडी, आयटम डॉट ० ब्रँच, आयटम डॉट १ फोल्डर, ४ गुणिले ३ अशा १२ जोड्या मिळतील. जुन्या प्लेबुकांत (टास्कच्या फाइलींत) विथ_नेस्टेड दिसतं ते हेच. लूप २.५ व्हर्जनपासून आलं, विथ_ वाले अजून चालतात पण नवीन लिहिताय तर लूपच घ्या.
पोर्टला मात्र प्रॉडक्ट नको, देवासला उज्जैनचा पोर्टपण लागेल. तिथे झिप, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. आधी डीबग टास्कमध्ये जोड्या छापून बघा, मगच फोल्डर बनवणाऱ्या फाइल मॉड्यूलला द्या.

सुदामानगर_डेव्हऑप्स
प्रॉडक्ट ठीक, पण झिप मला इथे अजिबात पटत नाही. एक लिस्ट छोटी पडली तर झिप उरलेलं गुपचूप सोडून देतं, एरर नाही काही नाही, आणि जुनं विथ_टुगेदर रिकाम्या जागी नल (‘काही नाही’ अशी किंमत) भरतं. त्याहून वाईट म्हणजे कुणी धार मध्येच घातलं आणि पोर्ट शेवटी लिहिला की महूपर्यंत सगळ्यांचे पोर्ट सरकले, आणि प्लेबुक तर हिरवंच दिसणार! जे एकमेकांचं आहे ते एकत्रच ठेवा ना, ब्रँचची एकच लिस्ट करा आणि प्रत्येक नोंदीत नाव, पोर्ट आणि तिचे स्वतःचे फोल्डर लिहा. पोर्टसाठी साधं लूप, आयटम डॉट पोर्ट. फोल्डरसाठी सबएलिमेंट्स फिल्टर, तो प्रत्येक ब्रँचची तिच्याच फोल्डरांशी जोडी लावतो, त्यात आयटम डॉट ० म्हणजे अख्खी ब्रँच आणि आयटम डॉट १ एक फोल्डर. एखाद्या ब्रँचला फोल्डरची कीच नसेल तर स्किप_मिसिंग ट्रू करा, नाहीतर तिथेच अडेल.

विजयनगर_अ‍ॅडमिन
हे मस्त ताई, कारण देवासला डिझेलचा फोल्डर लागतच नाही, प्रॉडक्टने तो उगाच बनला असता. आता एकच लिस्ट करतो. पण ब्रँचवर लूप लावून इन्क्लूड_टास्क्स केलं (म्हणजे दुसऱ्या फाइलमधले टास्क आणले) आणि आतल्या फाइलमध्ये परत लूप आहे, तर आयटम नक्की कुणाचं?

राजवाडा_लिनक्स
आतल्याचं, आणि आयटम आधीच वापरात आहे अशी वॉर्निंगपण येईल. बाहेरच्या लूपला लूप_कंट्रोल देऊन लूप_व्हार मध्ये आयटमऐवजी ब्रँच असं नाव द्या, मग आत ब्रँच डॉट नाव आणि आयटम दोन्ही बिनधास्त वापरा. आणि पॅकेज टाकायला लूप लावलं असेल तर काढा, एपीटी काय किंवा डीएनएफ काय (पॅकेज टाकणारी मॉड्यूल), त्यांच्या ‘नेम’ (name) या पर्यायाला सरळ लिस्ट चालते, सगळं एकाच दमात होतं.