'कॅरी ऑन सार्जंट'चा शेवट तुम्हाला पटतो का?

फिटरकाका (पाचपाखाडी, ठाणे)

मंडळी, १९५८ चा 'कॅरी ऑन सार्जंट' अलीकडे कुणी पुन्हा पाहिलाय का? पुढे जी ब्रिटिश विनोदी चित्रपटांची लांबलचक 'कॅरी ऑन' मालिका झाली, तिचा हा पहिला चित्रपट. तरुणपणी नौपाड्यात मित्राकडे भाड्याचा व्हीसीआर आणून पाहिला, तेव्हा सगळं लक्ष त्या धांदरट रिक्रूटांवर. केनेथ कॉनरचा होरेस स्ट्राँग उठसूट डॉक्टरकडे धावतो आणि हॅटी जॅक्सची कॅप्टन डॉक्टरीण त्याला अजिबात दाद देत नाही. ऐन लग्नाच्या दिवशी लष्कराचं बोलावणं आलेला बॉब मंकहाउस, त्याच्या पाठोपाठ छावणीच्या कँटीनमध्ये नोकरीला लागणारी नवरी. पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

या खेपेला मात्र नजर त्यांना कवायत शिकवणाऱ्या सार्जंट ग्रिमशॉवरून हलेना. मी वागळे इस्टेटला फिटर होतो, शेवटची काही वर्षं अप्रेंटिस पोरं माझ्या हाताखाली. नवीन मुलगा व्हाइसवर जॉब बांधून फाइल, म्हणजे कानस, मारतो तेव्हा ती हमखास झुलते, दोन्ही कडा जास्त खातात आणि मध्ये फुगवटा राहतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरलं की फट दिसते. तेव्हा आवाज चढवला तर पोरगं घाबरतं, हात आणखी आखडतो. ग्रिमशॉ निवृत्तीच्या तोंडावर आपली शेवटची प्लॅटून पहिली येईल अशी ५० पौंडांची पैज लावतो आणि ठरवतो, या तुकडीवर ओरडायचं नाही. समोर कवायतीचा बट्ट्याबोळ, आणि ग्रिमशॉ झालेला विल्यम हार्टनेल राग गिळून समजुतीने बोलतोय. माझा घसा दाटून आला.

शेवटी त्याच्या निवृत्तीचं कळतं आणि पोरं एका रात्रीत सुधारून पहिली येतात. ज्यांनी कवायत केलीय त्यांना हे पटतं का? घरचे म्हणतात, सिनेमापुरतं ठीक आहे. मला पटलं.

माजी हवालदार, कळवा

काका, पटतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, ट्रेनिंग बेळगावला. शिकवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. सिनेमात १० आठवडे आहेत, तेवढ्यात पाऊल अंगात मुरतं. सगळ्यांची टाच एका ठोक्यात पडायला मात्र शेजारच्याची काळजी वाटावी लागते. एक चुकला की रगडा, म्हणजे शिक्षेची जादा कसरत, सगळ्या स्क्वाडला, त्यातून ती काळजी येते. आमच्या उस्तादांचा आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा, पण कसम परेडच्या, म्हणजे शपथविधीच्या, आदल्या संध्याकाळी ते बराकीत आले आणि प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघून गेले. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी चाललो आम्ही.

मृदुला, ऐरोली

दादा, तुम्ही स्वखुशीने भरती झालात. या पोरांना यायचंच नव्हतं. ब्रिटनमध्ये तेव्हा नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा होती. १९४९ पासून १८ महिन्यांची, कोरियाचं युद्ध पेटल्यावर १९५० मध्ये २ वर्षांची. शेवटचे जवान १९६३ मध्ये सुटले. ज्याची दोन वर्षं जबरदस्तीने घेतली, तो सार्जंटसाठी एवढा जीव टाकेल हे मला जड जातं. चित्रपट आवडतो, शेवट नाही.

फिटरकाका, हार्टनेलने १९४४ च्या 'द वे अहेड'मध्येही सार्जंटच केलाय. तिथेही नाखूश रिक्रूट, पण युद्ध चालू असतानाचं, गंभीर चित्र. तो नक्की पाहा. 'कॅरी ऑन' मालिकेतला १९६८ चा 'अप द खैबर' मला आता बघवत नाही. वेल्सच्या डोंगरात खैबरखिंड उभी केलीय आणि गोरे नट तोंडाला रंग फासून सरदार झालेत.

फिटरकाका

मृदुलाताई, माझ्याकडची निम्मी पोरंही बापाने ढकललेली असायची. पहिले काही आठवडे घड्याळाकडे डोळे. पण एकदा गुण्याखालची फट बंद झाली की तोच मुलगा जेवणाची सुट्टी विसरून दुसरी बाजू घासायला घ्यायचा. म्हणून माझं मत कायम. 'द वे अहेड' मुलाला शोधायला सांगतो.

हवालदारसाहेब, तुमचे उस्ताद पुढे कधी भेटले का?