फेल्टच्या ब्रोचला किंमत किती लावावी?

ताई, १५० रुपयांना फेल्टचा, म्हणजे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून घट्ट केलेला ब्रोच विकून हातात काहीच उरत नाही म्हणताय. उरणार कसं? लोकर तोळाभरही लागत नाही म्हणून तुम्ही खर्च कमी धरलात, पण खरा खर्च वेळेचा. सुईनं टोचून एक फूल करायला मला सव्वा तास लागतो. सुई जरा तिरकी गेली की मोडते, नाहीतर बोटात घुसते. फोटो आणि पॅकिंगचा वेळ वेगळाच. मी आता ४५० लावते. गिऱ्हाइकं घटली खरी, पण गेली ती "काहीतरी कमी करा ना" वालीच!

लोकर साबणपाण्यात चोळून फेल्ट करायच्या वस्तूंचं माप मात्र सांभाळा. लोकर आटते. माझ्या पहिल्या पाऊचमध्ये मोबाइल शिरेचना, शेवटी त्यात चिल्लर ठेवली. आता साचा दीडपट कापते, आणि लोकर बदलली की आधी वीतभर तुकडा करून मोजते.

दख्खनी मेंढीची लोकर चालेल का, हेही विचारलंत. ती घोंगडीची, जाडीभरडी, गळ्याशी टोचते. स्कार्फला मेरिनो मेंढीची मऊ लोकरच घ्या. पण कोस्टर, चपलेतले तळवे, पिशव्या यांना दख्खनी झकास. काळा-करडा रंग मूळचाच, त्यामुळे रंगवायची कटकट नाही.

आणि कसर लागू नये म्हणून पार्सलात कडुनिंबाचा पाला घालू नका. मी घातला होता. तो नीट वाळलेला नव्हता, पांढऱ्या ब्रोचवर हिरवे डाग पडले आणि पैसे परत द्यावे लागले.