बँडमध्ये सगळे मित्रच, पण स्टेजवर मला माझाच आवाज ऐकू येत नाही

वरचा_सा

नमस्कार मंडळी, धागा थोडा मोठा होणार आहे, आधीच सॉरी.

आम्ही पाच जण. मी गाते, दोन गिटार, एक बेस, एक ड्रमर. सगळे कॉलेजपासूनचे मित्र, आता सगळे नोकऱ्या करतात, बँड म्हणजे रविवारचा उद्योग. तीन वर्षं झाली, महिन्याला एखाद-दुसरा कार्यक्रम होतो, कधी कॅफेत, कधी कुणाच्या पार्टीत, कधी नुसतंच ओपन माइक. पैसे म्हणाल तर गाडीभाडं सुटलं की आम्ही खूश.

तर प्रॉब्लेम असा की स्टेजवर मला माझा आवाज ऐकूच येत नाही. परवाच्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्यापासून मी अक्षरशः ओरडत होते आणि पाचव्या गाण्यात वर गेल्यावर आवाज फाटला. अगदी समोरच्या टेबलावर एक छोटी मुलगी बसलेली, तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि आईकडे बघितलं. ते काही डोळ्यासमोरून हलत नाहीये. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर अख्खा अंतरा चढा गायलेय मी, आणि गाताना मला त्याचा पत्ताही नव्हता.

होतं कसं, की पहिल्या गाण्यात सगळं छान असतं. मग लीड गिटारवाल्याला तो स्वतः ऐकू येत नाही म्हणून तो ॲम्पचा (गिटारच्या स्पीकरचा) आवाज थोडा वर करतो. मग ड्रमर जोर लावतो, मग बेस वर जातो, आणि दुसरा गिटारवाला सगळ्यात शेवटी वाढवतो पण सगळ्यात जास्त. ह्या सगळ्यांकडे फिरवायला बटण आहे, माझ्याकडे नुसता गळा. माझा मॉनिटर (मला माझा आवाज ऐकवायला माझ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवायला सांगितला की लगेच कुईंऽऽ शिट्टी.

एकदा बोलून बघितलं. तर लीडवाला पुढच्या प्रॅक्टिसला केबल न लावता तीन गाणी वाजवत बसला, "बघ, आता येतंय ना ऐकू" म्हणे. सगळे हसले, मीही हसले. पण ॲम्प त्याचे, प्रॅक्टिसची खोली त्याच्या घरची, आणि तो माझा खरंच जवळचा मित्र आहे, त्यामुळे पुन्हा विषय काढायची हिंमत होत नाही. हल्ली कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो आणि वाटतं सोडून द्यावं.

ह्यावर काही तांत्रिक उपाय आहे का? की हा माणसांचाच प्रश्न आहे आणि मी उगाच मशीनमध्ये उत्तर शोधतेय?

---

फेडर_खाली

ताई, दोन्ही. पण मशीनचं आधी करा, कारण ते करताना कुणाचा इगो दुखावत नाही.

मी बरीच वर्षं साउंडवर बसतोय, छोट्या जागांत हीच रड रोजची आहे. पहिलं म्हणजे तुमची शिट्टी. मॉनिटरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधून परत मॉनिटरला जातो आणि हे चक्र फिरत राहिलं की एकच सूर पकडून ते किंचाळतं. आता माइक कुठला आहे ते बघा. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) असेल तर तो बरोब्बर पाठीमागे बहिरा असतो, म्हणजे मॉनिटर माइकच्या शेपटीच्या रेषेत हवा. सुपरकार्डिऑइड असेल तर मात्र बरोब्बर मागे त्याला थोडं ऐकू येतं, त्याच्या बहिऱ्या जागा मागच्या दोन्ही बाजूंना तिरक्या असतात, म्हणून मॉनिटर जरा बाजूला सरकवायचा. माइक बदलतात आणि मॉनिटर तिथेच ठेवतात, मग साउंडवाल्याला शिव्या. आणि गाताना माइकची जाळी मुठीत धरत असाल तर ती सवय आजच सोडा, त्या बहिऱ्या जागाच नाहीशा होतात.

दुसरं, तुमच्याकडे बटण नाही हे काही खरं नाही. माइक ओठांपासून 10 सेंमीवर असेल आणि तो 5 वर आणलात तर ढोबळमानाने 6 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) फुकटात मिळतात, एक नॉब न फिरवता. जवळ आणल्यावर खालचा आवाज जरा फुगतो, तेवढा मिक्सरवर 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकायचा.

तिसरं आणि माझ्या मते हेच तुमचं मूळ दुखणं. गिटारचा ॲम्प जमिनीवर ठेवलेला असतो ना? गिटारमधलं तीक्ष्ण जे काही असतं ते स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखं सरळ निघतं. वाजवणारा एक मीटरवर उभा, म्हणजे तो झोत त्याच्या पोटऱ्यांना लागतो. पोटऱ्यांना कान नसतात. त्याला आवाज दबका वाटतो म्हणून तो वाढवतो आणि समोर बसलेल्यांच्या कानाला तो ड्रिलसारखा लागतो. ॲम्प खुर्चीवर ठेवा नाहीतर मागे तिरका टेकवा, तोंड त्याच्याच कानाकडे. तो आपणहून कमी करेल, सांगायची गरज पडत नाही. फक्त तो झोत तुमच्या माइकमध्ये जाणार नाही असा स्टेजच्या कडेला ठेवा.

---

काडीवाला

ड्रमर आहे, शिव्या खायची सवय आहे, तरी बोलतो.

बटण आमच्याकडेही नसतं हो. आणि हळू वाजव म्हणणं सोपं आहे, हळू वाजवून लय तीच ठेवणं महाकठीण. हात हलका केला की बहुतेकांची लय मागे पडते, मग बेसवाला वळून बघतो, मग चिडून पुन्हा जोर. मला ते जमायला दीडेक वर्ष लागलं, रोज घरी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून उशीवर वाजवत, बायको म्हणायची उशीचा काय गुन्हा. तुमच्या ड्रमरला "हळू वाजव" एवढंच सांगू नका, त्याला काहीतरी करायला द्या. जाड काड्यांऐवजी बारीक काटक्यांच्या जुड्या मिळतात त्या वापरायला सांगा, स्नेअरवर (खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर) रुमाल टाका, झांज शक्यतो कडेने न मारता वरून टोकाने वाजवायची. छोट्या खोलीत झांज हाच खरा खलनायक आहे, ती थेट गायकाच्या माइकमध्ये जाते आणि मग तुमचा माइक वाढवला की सोबत तीही वाढते.

आणखी एक, कार्यक्रमानंतर रात्री कानात बारीक शिट्टी वाजत राहते का? मला वाजायची आणि मी ते कौतुकाने सांगायचो, मूर्ख. अमेरिकेतल्या नायॉशची (कामाच्या जागच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था) शिफारस आहे की 85 डीबीला दिवसाचे 8 तास, आणि पुढे दर 3 डीबीला वेळ निम्मी. म्हणजे 88 ला 4 तास असं करत करत 100 ला येईपर्यंत फक्त 15 मिनिटं उरतात. बंद खोलीत ड्रम आणि दोन ॲम्प म्हणजे 100 काही लांब नाही. प्लग घाला सगळ्यांनी, वादकांसाठीचे वेगळे मिळतात, त्यात सूर मेलेला वाटत नाही. गंमत म्हणजे प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून जास्त ऐकू येतो, तुम्हाला तसाही फायदाच.

---

लीड_म्हणजे_लीड

सगळे गिटारवाल्यावर घसरले, अपेक्षित होतं. 😀 ॲम्प व्हॉल्व्हचा (आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला) असेल तर तो कमी आवाजात वाजतच नाही नीट, टोन मरतो. उगाच कुणी हौस म्हणून वाढवत नाही.

---

फेडर_खाली

@लीड_म्हणजे_लीड बरोबर आहे, तो टोन व्हॉल्व्ह तापवूनच येतो. पण मग छोटा ॲम्प घ्या ना राव. 50 वॉट आणि 100 वॉटमध्ये फरक फक्त 3 डीबीचा, आणि दुप्पट मोठं वाटायला साधारण 10 डीबी लागतात म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे 5 वॉटचा ॲम्प 50 वॉटवाल्याच्या निम्मा तरी वाटतो, आणि तो पूर्ण तापवता येतो. चाळीस माणसांच्या कॅफेत ट्रकभर व्हॉल्व्ह कशाला?

---

वरचा_सा

बापरे, केवढं काय काय. माइकची जाळी मी धरतेच 🙈 एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. ॲम्प जमिनीवरच असतात, दोन्ही. पण खुर्चीवर ठेव म्हणून तरी मी कसं सांगू, परत तेच होईल, "आता आम्हाला साउंड शिकवणार का" वगैरे.

---

चार_तारा

बेस वाजवतो, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघत नाही आणि मला सगळं दिसतं.

आमचा आधीचा बँड ह्याच भानगडीत मोडला. लोकांना आजही वाटतं की पैशांवरून किंवा गाणी निवडण्यावरून मोडला, पण नाही, व्हॉल्यूमवरून. दर कार्यक्रमानंतर गाडीत दोन जण पुढे गप्प आणि तीन जण मागे गप्प, वायरी गुंडाळतानासुद्धा कुणी कुणाच्या वायरीला हात लावेना. जो तो एवढंच म्हणत होता की मी मला ऐकू येत नाही. एकानेही कधी विचारलं नाही की तू तुला येतोयस का. मीही नाही विचारलं, मी तर बेस वाढवून मोकळा व्हायचो.

आता वाजवतो त्या मंडळींशी असं केलंय की प्रॅक्टिसला एक फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ऐकणारे बसतील तिथे ठेवायचा आणि एकच गाणं रेकॉर्ड करायचं. फोनवर बेस जवळपास गायब होतो आणि फार जोरात असेल तर सगळं चिरकतं, पण कोण कोणावर चढलंय ते लख्ख कळतं. मग तिथेच सगळ्यांनी मिळून ऐकायचं. कुणी काही बोलायचं नाही, निदान मी तरी बोलत नाही. ज्याचं चुकलंय तो दुसऱ्या मिनिटाला मान खाली घालतो. ताई, तुम्ही ऐकवायला मात्र स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करा, म्हणजे मी चढी गातेय का ते बघायचंय म्हणून लावा. आणि कार्यक्रमाच्या मध्यंतरात हा विषय चुकूनही काढू नका, तेव्हा प्रत्येकाचं डोकं तापलेलं असतं.

आणि दोन गिटार आहेत ना, मग दोघं एकाच जागी तेच कॉर्ड वाजवतात का ते बघा. माझी पैज आहे की हो. दोघं एकाच पट्ट्यात घासत असतील तर दोघांनाही स्वतःचं वेगळं ऐकू येणारच नाही, कितीही वाढवा. एकाने कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, त्याने सूर वर जातात) लावून वर जायचं, किंवा तुम्ही गाताय तेवढ्यात सरळ हात आवरायचा. बरेच गिटारवाले घरी एकटे वाजवताना मधले सूर कापून खालचे-वरचे फुगवतात, एकट्याला ते भारी वाटतं, पण बँडमध्ये गिटार राहते ती मधल्या सुरांतच. तेच कापलं की तो हरवतो आणि मग पुन्हा व्हॉल्यूमकडे हात.

सोडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एकदा ऐकवून मग सोडा.

---

काडीवाला

+१, फोनवाला उपाय बेस्ट. आमच्याकडे त्यात मीच पकडला गेलो होतो.

---

वरचा_सा

दोन आठवड्यांनी अपडेट देतेय, काही जणांनी व्यनि करून विचारलं म्हणून.

चार_तारा दादांचं ऐकून फोन पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, मी चढी जातेय का बघू म्हटलं. गाणं संपल्यावर सगळे जमिनीवर बसून ऐकायला लागलो. पहिल्या कडव्यात मी आहे. दुसऱ्यात नुसते माझे स्स आणि च्च ऐकू येतात, बाकी गिटार. अंतऱ्यात मी चढीच होते, तेव्हा बेसवाला हळूच म्हणाला, "ती बिचारी दुसरं करणार तरी काय". लीडवाला काहीच बोलला नाही. त्याने फोन हातात घेतला, तेवढाच तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि मग विचारलं, "हा मी आहे की तो?" म्हणजे दुसरा गिटारवाला. दोघांनाही सांगता येईना. पैज जिंकलात दादा, दोघं तेच कॉर्ड त्याच जागी वाजवत होते, तीन वर्षं.

मग ॲम्प उचलून खुर्चीवर ठेवायचं मीच म्हटलं, जरा घाबरतच. त्याने ठेवला, एक कॉर्ड वाजवला आणि दचकून मागे सरकला. "एवढा कर्कश आहे हा?" आणि बटण खाली. मी खिडकीकडे बघत उभी होते कारण मला हसू आवरत नव्हतं.

सगळं सुटलंय असं नाही. ड्रमरने त्या जुड्या आणल्या पण त्याला त्या "झाडू मारल्यासारख्या" वाटतात, तीन गाण्यांनंतर त्याने गुपचूप जुन्या काड्या काढल्या. दुसरा गिटारवाला कॅपो लावायला तयार नाही, त्याला तो कमीपणा वाटतो. आणि मला अजून जाळी धरायची सवय आहे, हात आपोआप वर जातो, आता मी माइक स्टँडवरच ठेवून गाते आणि हातांचं काय करायचं ते कळत नाही. पण परवाच्या प्रॅक्टिसला अंतऱ्यात मी माझा श्वास ऐकला. खरंच, श्वास घेतलेला ऐकू आला.

शनिवारी कार्यक्रम आहे. ॲम्पखाली ठेवायला स्टूल कोण आणणार ह्यावरून सकाळपासून ग्रुपवर भांडण चाललंय.

---

फेडर_खाली

स्टूल दोन आणा. डुगडुगणारं नको, बेसच्या पहिल्याच सुराला ॲम्प चालत चालत खाली येतो, बघितलंय मी.