शब्दचर्चा : गायकाच्या आवाजाला ‘जवारी’ असते म्हणजे काय?

कृष्णाकाठी (सांगली)
एका गीतकार-गायकाच्या नव्या अल्बमवर आपल्या भागातल्या श्रोत्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांत एकच शब्द तीन तऱ्हांनी आला आहे : ‘आवाज जवारीदार आहे’, ‘तिसऱ्या गाण्यात जवारी बसली’ आणि ‘शब्दांनाही जवारी आहे’. यातला कोणता वापर बरोबर? कोणी ज्वारी लिहितं, कोणी जव्हारी. शिवाय एकाने त्या गायकाला ‘वाग्गेयकार’ म्हटलं आहे. चालेल?

खुंटी-मणी (मिरज)
लेखनाचं आधी उरकतो. ज्वारी म्हणजे जोंधळा, तो इथे नको. जव्हारी बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना जवारी.

आता वस्तू पाहू. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी म्हणजे घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी थोडा बाक असतो. तार त्या बाकाला एका टोकावर टेकत नाही, कंप पावताना त्याला घासत राहते. त्यातून जो झणकार उठतो ती जवारी, आणि माथ्याला दिलेल्या त्या घडणीलाही जवारीच म्हणतात. घोडी घासून ती घडण साधणं म्हणजे जवारी काढणं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे काम कानस आणि कान या दोन्हींवर चालतं, आणि त्यात कान वरचढ.

वाजवणाऱ्याच्या हाती उरतं ते सूत. आधी खुंटीने तार स्वरात आणायची, उरलासुरला फरक घोडीमागच्या मण्याने काढायचा, मग तारेखाली सुती दोरा घालून तो माथ्यावर हळूहळू सरकवायचा. एका जागी झणकार एकदम मोकळा होतो. केसभर पुढे गेलं की मिटतो. दोरा हलला की स्वरही किंचित हलतो, म्हणून मणी पुन्हा पाहावा लागतो. पंचम, दोन जोड आणि खर्ज अशा चार तारा, प्रत्येक तारेची जागा वेगळी. दोरा फार जाड घेतला तर तार माथ्यावरून उचलली जाते आणि आवाज मुका होतो.

‘जवारी बसली’ हा वापर वाद्याच्या बाबतीत चोख आहे. वाजवून वाजवून तार घोडीत खाच पाडते, त्या खाचेत रुतते आणि घासायला पृष्ठभागच उरत नाही. मग दोरा कितीही सरकवा, घोडी पुन्हा घासून घेण्याला पर्याय नाही.

काळी चार (सातारा)
वरच्यात भर. या झणकाराचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं. मूळ स्वरासोबत तारेतून जे वरचे बारीक स्वर उमटतात ते उपस्वर किंवा स्वरांश. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू (कंपनात स्थिर राहणारी जागा) येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम. तंबोरा तो मोडतो, कारण घोडीवरचं घासणं ते उपस्वर पुन्हा जागे करतं. खर्जातून गंधार ऐकू येतो तो पाचवा स्वरांश.

माणसाच्या गळ्यात घोडी नाही. तरीही ‘जवारीदार आवाज’ म्हणायला हरकत नाही, कारण तिथेही खालच्या स्वराबरोबर वरचे स्वरांश भरघोस असतात. मात्र घोगरा आणि जवारीदार यांची सरमिसळ नको. घोगऱ्यात हवेची खरखर असते आणि खरखरीला स्वर नसतो. लांबवलेल्या ‘आ’वर ऐकावं : आवाजाची कड स्वराला धरून राहिली तर जवारी, स्वरापासून सुटी होऊन सळसळली तर घोगरेपणा. ‘बसका’ तिसराच, त्यात वरचे स्वरांशच कमी पडतात.

अल्बमवर मत देताना फसगत होते ती वेगळ्या कारणाने. ध्रुवपदात एकाच गायकाचा आवाज दोनतीनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक ठेवतात. त्या आवाजांतल्या बारीक फरकामुळे जी थरथर येते ती अनेकांना जवारी वाटते. ती ध्वनिमुद्रणाची करामत. म्हणून कडव्यातली, वाद्यं मागे असलेली एकेरी ओळ निवडावी, शक्यतो जिचा शेवट दीर्घ स्वरावर होतो. उलट तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग मिश्रणात कापला तर चांगला गळाही मिटल्यासारखा वाटतो. तिसऱ्या गाण्याबद्दलची तक्रार कदाचित तिथली असेल. तेव्हा ‘जवारी बसली’ म्हणून गायकाला बोल लावण्याआधी त्याच गायकाचं दुसरं गाणं त्याच हेडफोनवर लावून पाहावं.

पदरसिक (वाळवा)
वाग्गेयकाराचं. तेराव्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त व्याख्या दिली आहे : शब्द म्हणजे मातु, चाल म्हणजे धातु आणि दोन्ही रचतो तो वाग्गेयकार. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवतो त्याला त्याने ‘कुट्टिकार’ म्हटलं आहे. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल–’ असं छापून मूळ गाण्याचा उल्लेख करत, ते सगळं या दुसऱ्या खात्यात. आज तो शब्द कोणी वापरत नाही, पण वापरला तर निम्मे वाद मिटतील!

या अल्बमवर गीत आणि चाल गायकाचीच असेल तर वाग्गेयकार बरोबर. वाद्यसंयोजन दुसऱ्याने केलं असलं तरी बाध येत नाही. पण शब्द भारदस्त आहे, रोजच्या अभिप्रायात जड होतो. आमच्या तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांना लोक ‘कवी’च म्हणत आणि लावणीच्या शेवटी नाममुद्राही तशीच. कवन त्यांचं, हे सांगायला तेवढं पुरे होतं.

कृष्णाकाठी
आणि ‘शब्दांना जवारी’?

खुंटी-मणी
ते नको. कागदावरच्या शब्दाला झणकार नसतो. उच्चाराबद्दल म्हणायचं असेल तर ‘अनुनासिकं आणि ‘ळ’ मोकळे लागलेत’ असं नेमकं लिहा. अर्थाबद्दल असेल तर ‘ओळ मागे रेंगाळते’. ‘जवारी उघडी आहे’, ‘बंद आहे’, ‘काढली आहे’, ‘बसली आहे’ ही क्रियापदं वाद्याला. गळ्याला फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’.